वाळवंटातील हिमाचे ठसे

जयपूर शहराच्या दक्षिण अंगाला सांगानेर आहे. सवाई जयसिंगाने १७२७ मध्ये जयपूर वसविले, त्याच्या कितीतरी आधीपासून सांगानेर नांदते होते. आता शहर वाढत वाढत त्याला येऊन मिळाले आहे आणि जयपूरचा विमानतळही तेथेच आहे. तथापि सांगानेरचे नाव देशभर झाले ते तेथील कापडामुळे आणि कागदामुळे. पांढऱ्या किंवा फिकट जमिनीवर लाकडी ठशांनी उमटविलेली बारीक फुले, वेली आणि बुट्टे ही सांगानेरी छपाईची ओळख होय. तेथील कागजी घराण्यांचा हातकागदही असाच जुना आणि नामांकित. या दोन्ही धंद्यांना दोन गोष्टी लागतात: मुबलक पाणी आणि कडक ऊन. लोक ज्याला अमानीशाहचा नाला म्हणतात, त्या द्रव्यवतीच्या प्रवाहाने पूर्वी पाणी पुरविले. उन्हाची उणीव मात्र येथे कधीच भासली नाही.

छपाईच्या धंद्यात एक साधी गोष्ट प्रत्येक कारागिराला ठाऊक असते. लाकडी ठशाची एखादी पाकळी कोरताना तुटली असली, तर ती तूट कापडावर जेथे जेथे ठसा पडेल तेथे तेथे उमटते. ठसा पुढे झिजून गेला, टाकून दिला, तरी कापडावरील खुणेवरून तो कसा होता हे सांगता येते. वस्तू नाहीशी झाली तरी तिची खूण राहते, आणि खुणेवरून वस्तूचे अनुमान करता येते. हा न्याय कापडापुरताच नाही. याच न्यायाने राजस्थानच्या तापलेल्या भूमीचा एक अत्यंत प्राचीन आणि प्रथमदर्शनी अविश्वसनीय वाटणारा इतिहास उलगडला गेला आहे. तो इतिहास बर्फाचा आहे.

सांगानेर हे खऱ्या अर्थाने वाळवंटात नाही. ते वाळवंटाच्या उंबरठ्यावर आहे. जयपूरभोवतीच्या ज्या टेकड्यांवर आमेर, जयगड आणि नाहरगड हे किल्ले उभे आहेत, त्या अरवली पर्वतराजीच्याच शाखा होत. अरवली ओलांडून पश्चिमेकडे गेले की पाऊस कमी कमी होत जातो, शेते विरळ होतात, आणि जोधपूर मागे पडल्यावर थरचे वाळवंट सुरू होते. जोधपूरच्या वायव्येस फलोदी हे गाव आहे. १९ मे २०१६ या दिवशी तेथे ५१ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली आणि भारतात नोंदल्या गेलेल्या उष्णतेचा तो उच्चांक ठरला. या फलोदीपासून उत्तरेकडे काही कोसांवर बाप नावाचे गाव आहे. सांगानेरपासून त्याचे अंतर सरळ रेषेत सुमारे साडेतीनशे किलोमीटर भरेल.

बापच्या परिसरात जमिनीवर दगडगोटे विखुरलेले आढळतात. काही मुठीएवढे आहेत, तर काही एकट्या माणसाला हलविता येणार नाहीत इतके मोठे. ते एका जातीचेही नाहीत. त्यांत ग्रॅनाइट आहे, चुनखडक आहे, आणि मालाणीचा ऱ्हायोलाइट हा लालसर-तपकिरी ज्वालामुखीजन्य खडकही आहे. जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी हा मालाणी खडक उघडा पडलेला असून त्याचे वय सुमारे पंचाहत्तर कोटी वर्षे मानले जाते. इतक्या निरनिराळ्या ठिकाणचे दगड वाळवंटाच्या सपाटीवर एकत्र कसे आले, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न त्याहून सूक्ष्म आहे. यांतील काही गोट्यांच्या बाजू एखाद्याने कानशीने घासाव्यात तशा सपाट झालेल्या आहेत, आणि त्या सपाट बाजूंवर सरळ, एकमेकींना समांतर अशा रेघा आहेत. हे कोणी केले?

भूगर्भशास्त्राचे उत्तर असे आहे की, सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी येथे हिमनद्या होत्या आणि हे गोटे त्यांनी आणून टाकले. हे उत्तर ऐकणाऱ्याने ताबडतोब मान्य करावे असे नाही. उलट, न्यायासनावर बसलेला माणूस साक्षीदाराची उलटतपासणी ऐकतो, तशी या दगडांचीही उलटतपासणी झाली पाहिजे, आणि ती झालेलीही आहे.

प्रथम हिमनदी म्हणजे काय हे पाहिले पाहिजे. ज्या प्रदेशात हिवाळ्यात पडलेले हिम उन्हाळ्यात पुरते वितळत नाही, तेथे ते वर्षानुवर्षे साठत जाते. वरच्या थरांच्या भाराखाली खालच्या हिमाचा घट्ट बर्फ होतो. त्याची जाडी पुरेशी वाढली की तो स्वतःच्याच वजनाने अत्यंत मंद गतीने उताराकडे सरकू लागतो. सरकताना तळचे आणि कडेचे दगड त्याच्यात गोठून बसतात. असा दगड धरलेला बर्फ म्हणजे एक प्रचंड कानस होय. ती खालच्या खडकावरून फिरते, त्याला गुळगुळीत करते, त्याच्यावर रेघा ओढते, आणि त्याच वेळी कानशीतील दगडही घासून सपाट होतात. शेवटी बर्फ वितळतो आणि त्याने वाहून आणलेला सारा माल आहे तेथेच पडतो.

पाण्याची नदी वेगळ्या रीतीने वागते. प्रवाहाचा जोर कमी होईल तसतसे ती आधी मोठे गोटे, मग बारीक खडे, मग वाळू आणि सर्वांत शेवटी गाळ टाकते, म्हणजे ती आपला माल निवडून ठेवते. हिमनदीला अशी निवड माहीत नाही. तिच्या निक्षेपात बारीक माती आणि भलामोठा धोंडा शेजारी शेजारी पडलेले असतात. नदीतील गोटे गडगडत जाऊन सर्व बाजूंनी गोल होतात. हिमात अडकलेला गोटा हलू शकत नाही, म्हणून तो एकाच बाजूने घासला जातो. वाळवंटातील वारासुद्धा वाळूच्या माऱ्याने दगड घासतो आणि चकचकीत करतो, परंतु कठीण टोकाने ओढल्यासारख्या समांतर रेघा वाऱ्याला ओढता येत नाहीत. डोंगराचा कडा कोसळून चिखलाबरोबर दगड वाहत आले, तर मात्र हिमनदीच्या निक्षेपासारखेच दृश्य दिसू शकते, आणि भूकंपाच्या वेळी खडक एकमेकांवर घासले गेले तरी रेघा पडू शकतात. म्हणूनच एखाद्या रेघाळ गोट्यावरून निकाल देता येत नाही. अनेक खुणा एकत्र जुळाव्या लागतात. पोकरणजवळच्या अशाच गोटेयुक्त थरांचे वय आणि त्यांची उत्पत्ती यांविषयी अभ्यासकांत मतभेद झाले, ते याच कारणाने.

या विचाराची सुरुवात राजस्थानात झाली नाही. ती झाली ओरिसात. प्राचीन काळी हिमाचे आवरण पृथ्वीच्या मोठ्या भागावर पसरले होते, हा सिद्धांत लुई आगासी या स्विस शास्त्रज्ञाने १८३७ मध्ये मांडला होता. परंतु तो युरोपातील थंड प्रदेशांविषयी होता. आल्प्स पर्वतात आजही हिमनद्या आहेत; त्या पूर्वी अधिक मोठ्या होत्या, इतके मान्य करणे फारसे अवघड नव्हते. १८५६ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या प्रकाशनांत तालचीर येथील कोळशाच्या क्षेत्रावर एक प्रबंध प्रसिद्ध झाला. विल्यम ब्लॅनफर्ड, त्याचा धाकटा भाऊ हेन्री ब्लॅनफर्ड आणि विल्यम थिओबाल्ड हे त्याचे कर्ते होते. दोघे ब्लॅनफर्ड बंधू त्या वेळी पंचविशीच्या आतले होते आणि नोकरीत नुकतेच लागलेले होते. तालचीरमध्ये कोळशाच्या थरांखाली त्यांना बारीक मातीत रुतलेले मोठमोठे धोंडे आढळले. इतकी बारीक माती साठण्याजोग्या संथ पाण्यात इतके मोठे धोंडे वाहून येणे शक्य नव्हते. तेव्हा हे धोंडे बर्फाने आणले असावेत, असे अनुमान त्यांनी लिहून ठेवले.

तालचीर कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. उष्ण कटिबंधात, समुद्रापासून फार उंच नसलेल्या भूमीवर बर्फ होता असे म्हणणे हे त्या काळी धाडसाचे होते. या अनुमानाविषयी पुष्कळ वर्षे शंका व्यक्त होत राहिल्या, आणि शंका घेणारे मूर्ख होते असेही नाही. त्यांचा मुद्दा वाजवी होता. धोंडे आहेत हे खरे, पण ते ज्याच्यावरून घासत गेले तो खडक कोठे आहे? त्याच्यावरील रेघा कोठे आहेत? पुराव्याची साखळी तेथे तुटत होती.

ती साखळी जोडली गेली महाराष्ट्रात. त्या वेळच्या चांद्यापासून, म्हणजे आजच्या चंद्रपूरपासून, नैऋत्येच्या बाजूला दहा मैलांवर पैनगंगेच्या काठी इरई नावाचे गाव आहे. चंद्रपूर शहराजवळून वाहणारी इरई नदी, ती वेगळी. १८७२ मध्ये सर्वेक्षणाचे प्रमुख थॉमस ओल्डहॅम आणि त्यांचे सहकारी फ्रान्सिस फेडन यांना येथे हवा असलेला पुरावा सापडला. तालचीरच्या काळातील गोट्यांच्या थराखाली जुना चुनखडक उघडा पडला होता. त्याचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला होता आणि त्यावर लांबच लांब समांतर रेघा व खाचा होत्या. वरच्या थरातील गोट्यांवरही तशाच रेघा होत्या. कानस आणि कानशीखालचा खडक, दोन्ही एकाच जागी हाती लागले होते. एवढे होऊनही फेडनने १८७५ मध्ये जो लेख प्रसिद्ध केला, त्याच्या मथळ्यात त्याने हिमनदी हा शब्द वापरला नाही. तालचीर काळात उष्ण कटिबंधीय भारतात तळबर्फ असल्याचे पुरावे, अशा आशयाचा तो सावध मथळा होता. पुरावा डोळ्यांसमोर असतानाही मनुष्याचे मन त्याच्या पूर्ण अर्थाला हळूहळूच तयार होते, याचे हे बोलके उदाहरण आहे. पुढे १९६३ मध्ये ए. जे. स्मिथ या अभ्यासकाने इरईच्या खडकाची आधुनिक रीतीने तपासणी करून तेथील रेघा हिमनदीच्याच असल्याचा निर्वाळा दिला. चंद्रपूर हे विदर्भातील अत्यंत तापणाऱ्या शहरांपैकी एक. त्याच्या कुशीत हा पुरावा मिळावा, यात सृष्टीचा काही विनोद असेल तर तो असो.

राजस्थानच्या वाळवंटाकडे भूगर्भशास्त्रज्ञांचे लक्ष याच सुमारास गेले. तालचीरचा अनुभव पाठीशी असलेला विल्यम ब्लॅनफर्डच सिंध आणि राजपुताना यांच्यामधल्या वाळवंटातून फिरला आणि १८७७ मध्ये त्याने आपली टिपणे प्रसिद्ध केली. त्यानंतर १८८६ मध्ये रिचर्ड ओल्डहॅमचे उत्तर जैसलमेरवरील टिपण आले. हा रिचर्ड म्हणजे इरईचा खडक पाहणाऱ्या थॉमस ओल्डहॅमचा मुलगा. पृथ्वीच्या पोटात एक वेगळा गाभा आहे हे भूकंपाच्या लहरींवरून १९०६ मध्ये दाखवून देणारा शास्त्रज्ञ तो हाच. १९०२ मध्ये ला टूश याचा पश्चिम राजपुतान्याच्या भूस्तरांवरील विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध झाला. अशा रीतीने बापचे गोटे तालचीरच्या आणि इरईच्या गोट्यांचे समकालीन ठरले. पूर्वेला ओरिसा, मध्यभागी चंद्रपूर आणि पश्चिमेला थरचे वाळवंट: एकाच हिमयुगाच्या खुणा देशाच्या आरपार पसरलेल्या दिसू लागल्या.

मग हे हिम साठले कोठे? दाराशा नोशेरवान वाडिया यांचा भारताच्या भूगर्भशास्त्रावरील ग्रंथ १९१९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला आणि पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी तो अभ्यासला. त्या ग्रंथात अरवलीला मोठे स्थान आहे. अरवली ही जगातील अत्यंत जुन्या पर्वतराजींपैकी एक. आज झिजून तिच्या टेकड्या झाल्या आहेत. परंतु त्या काळी ती उंच होती, तिच्या माथ्यावर विस्तीर्ण हिमक्षेत्रे होती आणि तेथून हिमनद्या चहूकडे उतरत होत्या, असे चित्र वाडिया यांनी रेखाटले. त्याला एक मोठा आधार होता. आज पाकिस्तानात असलेल्या मिठाच्या डोंगरात, म्हणजे सॉल्ट रेंजमध्ये, त्याच काळचा गोट्यांचा थर आहे आणि त्यात राजस्थानच्या मालाणी खडकाचे गोटे मिळतात. सहा-सातशे किलोमीटरचा हा प्रवास त्यांनी हिमाच्या पाठीवरूनच केला असला पाहिजे. हिमाचे केंद्र एक नव्हते, देशात अशी अनेक उच्चस्थाने असावीत, असे पुढील अभ्यासकांनी म्हटले. तरीही सांगानेरच्या वायव्येला क्षितिजावर दिसणाऱ्या ओळीकडे पाहताना हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे की, त्या बुटक्या, रखरखीत टेकड्यांच्या पूर्वजांवर एके काळी हिमक्षेत्रे असल्याचे अनुमान निव्वळ कल्पनेने केलेले नाही. ते दगडांच्या साक्षीवरून केलेले आहे.

खुद्द सांगानेरमध्ये या हिमाची एकही खूण दाखविता येत नाही. तेथे पायाखाली आहे ती नदीची आणि वाऱ्याची अलीकडची वाळू-माती. इतिहासाचा हाही एक नियमच आहे. जेथे घटना घडली तेथे पुरावा राहतोच असे नाही. उंच जागा झिजतात आणि त्यांची कागदपत्रे सखल जागी जाऊन जमा होतात. अरवलीचे दप्तर म्हणूनच बापच्या वाळवंटात आणि मिठाच्या डोंगरात शोधावे लागते.

येथे एक शंका साहजिकच उद्भवते. पर्वत उंच होते म्हणून त्यांच्यावर बर्फ होता, असे म्हटले की प्रश्न मिटत नाही काय? आज विषुववृत्ताजवळच्या किलिमांजारोवरही बर्फ आहेच. परंतु हे उत्तर अपुरे पडते. मिठाच्या डोंगरात गोट्यांच्या थरावरच समुद्रातील प्राण्यांचे अवशेष मिळाले. बापजवळच्या बधौरा येथेही त्याच युगातील सागरी शिंपल्यांचे जीवाश्म सापडले आणि तो शोध १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. याचा अर्थ असा की, हिमनद्या पर्वतशिखरांवरच थांबल्या नव्हत्या. त्यांनी आणलेला माल समुद्रसपाटीच्या आसपास पडला, आणि बर्फ ओसरल्यावर समुद्राचे पाणी त्या भूमीवर चढले. आजच्या थरच्या जागी तेव्हा समुद्राचा थंड किनारा होता. तालचीरच्या थरांतील वाळूत फेल्डस्पार हे खनिज ताजे, न कुजलेले मिळते, हीदेखील तीच साक्ष देते. उष्ण आणि दमट हवेत हे खनिज लवकर कुजून त्याची माती होते. ते टिकले, कारण हवा थंड होती.

भारताबाहेरची साक्ष त्याहूनही गोंधळात टाकणारी होती. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका येथेही त्याच काळचे हिमनिक्षेप सापडले. दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीजवळ नोइटखेडाख्ट येथे हिमाने गुळगुळीत केलेला खडक आहे, आणि त्या तयार पाटीवर कोट्यवधी वर्षांनंतर तेथील अश्मयुगीन माणसांनी चित्रे कोरली आहेत. या सर्व भूखंडांत हिमयुगानंतर ग्लॉसॉप्टेरिस नावाची एकाच जातीची वनस्पती वाढली. म्हणून हे सारे प्रदेश पूर्वी जोडलेले होते असे मानून १८८५ मध्ये एडुआर्ड झ्यूसने त्या महाभूमीला गोंडवनभूमी हे नाव दिले. जगाच्या शास्त्रात रूढ झालेले हे नाव मध्य भारतातील गोंडांच्या प्रदेशावरून आलेले आहे, हे मराठी माणसाला विशेष वाटावे. परंतु नाव मिळाल्याने कोडे सुटले नाही. हे सर्व देश आजच्या जागी असताना एकाच वेळी हिमाखाली गेले असतील, तर निम्मी पृथ्वी गोठली असली पाहिजे; आणि त्याच काळात युरोपात व उत्तर अमेरिकेत तर उष्ण दलदलीत वाढलेल्या जंगलांचा कोळसा होत होता.

या कोड्याचे उत्तर आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये दिले आणि १९१५ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. तो म्हणाला, खंडे आपल्या जागी स्थिर नाहीत. ती एकत्र होती, दक्षिण ध्रुवाभोवती होती, आणि नंतर दूर सरकली. नकाशावरील खंडे पूर्वीप्रमाणे जुळविली की विखुरलेल्या हिमखुणा एकत्र येतात आणि ध्रुवाभोवतीच्या एकाच हिमावरणाचे आकृतिबंध दिसू लागतात. वेगेनरचा मूळ विषय हवामानशास्त्र होता, आणि भूगर्भशास्त्रातील बहुतेक अधिकारी पुरुषांनी त्याचे म्हणणे झिडकारले. इतकी मोठी खंडे हलविणारी शक्ती कोणती, हे त्याला सांगता आले नाही. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फावरील मोहिमेत त्याचा अंत झाला. आपला सिद्धांत मान्य झालेला पाहणे त्याच्या नशिबी नव्हते.

त्याच्या बाजूने पुढे जी साक्ष आली, तिच्यात महाराष्ट्राच्या काळ्या फत्तराचा वाटा आहे. ज्वालामुखीचा रस थिजून खडक होताना त्यातील लोहकण त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राप्रमाणे दिशा धरून बसतात. त्या दिशेवरून खडक कोणत्या अक्षांशावर थिजला हे कळू शकते. दख्खनच्या पाषाणाची अशी तपासणी करून क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी १९५६ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी डॉइचबरोबर हे काम पुढे नेले. त्यांचा लेख १९५९ मध्ये आला. सह्याद्रीचा खडक थिजला तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती, असे या मापनांवरून दिसले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जर ती तेथे होती, तर तीस कोटी वर्षांपूर्वी ती ध्रुवाच्या अधिक जवळ असणे हे आता अशक्य कोटीतले राहिले नाही. १९६० च्या दशकात समुद्रतळाच्या अभ्यासाने भूखंडांची गती सर्वमान्य झाली. ब्लॅनफर्ड बंधूंच्या तरुण अनुमानाला पूर्ण उत्तर मिळण्यास अशी शंभरांहून अधिक वर्षे लागली.

या साऱ्या कथेचे तात्पर्य काय? बापच्या वाळवंटात बर्फ होता तो केवळ हवा बदलली म्हणून नव्हे. भूमीच दुसरीकडे होती. ज्या मातीला मनुष्य अचल म्हणतो, जिच्या सीमा तो दगड रोवून कायम करतो, ती माती स्वतःच प्रवासी आहे. थरचे वाळवंट हे तिच्या प्रवासातील अगदी अलीकडचे ठिकाण. सहारातही असेच घडले. १९६० च्या सुमारास खनिज तेलाच्या शोधात अल्जीरियाच्या तासिली पठारावर गेलेल्या भूगर्भशास्त्रज्ञांना सुमारे चव्वेचाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या हिमनद्यांच्या रेघा मिळाल्या. कोणत्याही भूमीचा आजचा स्वभाव हा तिचा कायमचा स्वभाव नव्हे.

तथापि या विचारातून एक चुकीचा निष्कर्षही काढला जातो, आणि त्यापासून सावध राहिले पाहिजे. हवामान नेहमीच बदलत आले आहे, तेव्हा आज हिमालयातील हिमनद्या आक्रसत आहेत त्याची चिंता कशाला, असे काही जण म्हणतात. बापच्या हिमाला येण्यास आणि जाण्यास लक्षावधी वर्षे मिळाली होती. त्या काळात त्या पाण्यावर अवलंबून असलेले एकही गाव, एकही शेत पृथ्वीवर नव्हते. आजचा बदल मनुष्याच्या दोन-तीन पिढ्यांत होत आहे आणि तो त्याच्याच हातून होत आहे. दगडांचा इतिहास बदल शक्य आहे एवढे सांगतो. तो निरुपद्रवी आहे असे तो कोठेही सांगत नाही.

दुसरी चिंता खुद्द पुराव्याची आहे. तीस कोटी वर्षे टिकलेली रेघ फार टिकाऊ असेल असे वाटते, पण ती टिकली ती थराखाली झाकलेली होती म्हणून. उघडी पडल्यावर दिवसाचे ऊन आणि रात्रीचा गारवा दगडाची साल काढू लागतात. त्याहून जलद काम मनुष्याचे हात करतात. सुटा गोटा रस्त्याच्या खडीला, कुंपणाला, घराच्या पायाला सहज उपयोगी पडतो, आणि तो जागेवरून हलला की त्याची साक्ष संपली. न्यायालयात जशी वस्तू कोठे व कशी सापडली याला महत्त्व असते, तसेच येथेही आहे. फलोदीजवळ भडला येथे आता जगातील अत्यंत मोठ्या सौरऊर्जा प्रकल्पांपैकी एक उभा आहे. जेथे हिम साठले होते त्याच प्रदेशात सूर्याची उष्णता आज गोळा केली जात आहे, आणि देशाला तिची गरज आहे. परंतु जमीन एका कामासाठी देताना तिच्यावर आधी कोणाची नोंद आहे हे पाहण्याची आपल्याकडील जुनी रीत आहे. राजवाडे, मंदिरे आणि शिलालेख यांची नोंद ठेवण्याची दृष्टी आली आहे. माणसाने न लिहिलेल्या शिलालेखांचीही तशीच नोंद राहिली पाहिजे. जोधपूरचा मालाणी खडक राष्ट्रीय भूवारसा म्हणून जतन केला जातो; त्या खडकाचे जे तुकडे हिमाने दूरवर नेले, तेही त्याच इतिहासाचे मानकरी आहेत.

सांगानेरमध्ये जुने लाकडी ठसे झिजले की बाजूला पडतात आणि त्यांच्या जागी नवे कोरले जातात. कापडावर त्यांनी उमटविलेली फुले मात्र कोणाच्या तरी पेटीत पुष्कळ काळ राहतात, आणि जाणता कारागीर ती पाहून जुन्या कोरक्याचा हात ओळखतो. अरवलीवरचे हिम असेच केव्हाच वितळून गेले. त्याच्या हाताची ओळख बापच्या आणि इरईच्या दगडांवर उरली आहे. ती ओळखण्याची दृष्टी दीडशे वर्षांच्या परिश्रमाने मिळाली. ती दृष्टी पुढच्या पिढीला देताना पाहण्यासारखे दगडही जागच्या जागी शिल्लक असावेत, एवढे तरी या पिढीच्या हाती आहे.